नववं मत

आधीच सांगते, मला कोणी समजूतदार म्हणू नका. आमच्या गल्लीत म्हणतात. "हेमाकाकूंनी नवऱ्याचं सगळं निमूटपणे केलं हो!" केलं ना. एक सोडून सगळं केलं. ते एक काय, तेच सांगायला बसले आहे. मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्यानं पुन्हा सांगवणार नाही.

आमचे हे, म्हणजे गोपाळकृष्ण, शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, एवढंच काम. हुसेनभाई त्याच छापखान्यात जुळारी, खिळे जुळवणारे. एकानं जुळवायचं आणि दुसऱ्यानं त्यातल्या चुका काढायच्या, अशा दोघांचं खरं तर पटायला नको. पण यांचं इतकं पटलं की छापखाना बंद पडला तरी हुसेनभाई रोज सकाळी सातला आमच्याकडे हजर. पेपर उघडायचा आणि दोघांनी मिळून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधायच्या. दहा-बारा सापडल्या की दोघांचा दिवस छान जायचा. मूलबाळ आम्हाला नाही. घरात हसण्याबोलण्याचा आवाज म्हणाल तर या दोघांचाच.

छापखाना बंद झाल्यावर हे घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, हे छापील कागदावर लाल पेन्सिल चालवायचे. त्यामुळे त्यातल्या खुणा मलाही येतात. शब्दावर रेघ मारली की शब्द उडाला. चुकून उडवला असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, की तो शब्द होता तसा राहिला. हुसेनभाई म्हणायचे, "वहिनी, गोपाळनं आयुष्यात रेघा फार मारल्या, टिंबं फार कमी दिली." हे म्हणायचे, "तू जुळवायचासच तसं."

आता पेन्शन. एकतीस वर्षं डोळे फोडल्यावर यांना पेन्शन बसलं ते महिन्याला चौदाशे तीस रुपये. हसू नका. हुसेनभाईंचंही तेवढंच, छापखान्यातल्या, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या बाकी पाच जणांचंही तेवढंच. ते वाढावं म्हणून यांनी किती अर्ज लिहिले असतील! उत्तर आलं की आधी त्यातल्या चुका काढायचे, मग रागवायचे.

आणि अशात बायकांच्या खात्यात सरकार महिन्याला पंधराशे टाकणार, अशी योजना आली.

"पंधराशे!" हे ओरडले. "काही न करता! माझ्या एकतीस वर्षांपेक्षा सत्तर रुपये जास्त!" आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. जी बाई हे पैसे घेईल ती आपलं मत विकेल, असं यांचं मत. मी पोळ्या लाटत ऐकत होते.

हुसेनभाईंनी तोवर गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. तिथे ते बायकांचे अर्ज भरून द्यायचे. अख्तरबानू, म्हणजे त्यांची बायको, दुकानात शेजारी बसून हसत होती. "माझी पासष्टी उलटली ना हेमाताई, मला नाही मिळत. म्हातारीला कोण विचारतंय!" मी एकसष्ट वर्षांची होते. दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून मी आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

हुसेनभाईंनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गोपाळला माहीत आहे?"

"नाही. आणि कळायलाही नको."

"कळणार नाही," ते म्हणाले, आणि अर्ज भरायला लागले.

ऑगस्टमध्ये माझ्या फोनवर मेसेज आला. दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो मेसेज चारदा वाचला. लोक म्हणतात लाच. म्हणोत. तुम्हाला खरं सांगू का, एकसष्ट वर्षांत माझ्या नावानं कोणी एक रुपया पाठवला नव्हता. वडिलांनी जे दिलं ते लग्नात यांच्या हातात दिलं. यांनी दिलं ते डाळ-तांदळासाठी दिलं, उरलं तर परत घेतलं. यांचा स्वभाव वाईट नव्हता हो, पद्धतच तशी होती. पण हे तीन हजार हेमा या बाईचे होते. त्यातून मी चष्मा केला. तोवर यांच्याच जुन्या चष्म्यावर मी दहा वर्षं प्रती वाचत होते आणि डोकं दुखलं की उन्हाचा दोष म्हणत होते. यांना सांगितलं, फुकट शिबिरात मिळाला. हे म्हणाले, "फुकट असून काच बरी आहे."

पुढे यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातूनच यायला लागल्या. औषधवाला सूट देतो म्हणून सांगायचे मी. यांचा विश्वास बसायचा, कारण मी कधी खोटं बोलले नव्हते.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक लागली. आणि यांच्या मनानं घेतलं की उभं राहायचं. अपक्ष. मुद्दा एकच, पेन्शन. मी म्हटलं, "अहो, अनामत रक्कम जाईल." तर म्हणाले, "जाऊ दे. निदान कुठेतरी नोंद होईल, इतक्या लोकांना हे पटलं म्हणून." चिन्ह मिळालं फुलकोबी. हुसेनभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यानंतर महिनाभर दुकान अख्तरवर सोडून तेच यांच्याबरोबर पत्रकं वाटत फिरले.

ते पत्रक इथेच, या टेबलावर तयार झालं. मी मूळ प्रत वाचत होते, हे तपासत होते. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, 'फुकटचे वाटप ताबडतोब बंद करा आणि घामाचे पेन्शन द्या.' मी 'बंद करा'पाशी अडखळले.

"थांबलीस का? चूक आहे?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

मतदानाच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरची चंपा आली. ती सत्तेतल्या पक्षाचं काम करते. "काकू, काकांना द्या हो मत, घरचं माणूस आहे. पण आपले पैसे चालू राहायला हवेत, एवढं बघा. आम्हीच आलो तर वाढणार आहेत. आणि मशीनमध्ये कळतं बरं का सगळं!" मशीनमध्ये काही कळत नाही हे मला ठाऊक होतं, मी अडाणी नाही. मी भ्यायले नव्हते. भ्यायले असते तर बरं झालं असतं, आज निदान तेवढं तरी सांगता आलं असतं.

आतमध्ये गेले. यांचं नाव आठव्या क्रमांकावर, शेजारी ती फुलकोबी. बोट तिथपर्यंत नेलं. आणि ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं, ताबडतोब बंद करा. मनात म्हटलं, हे काही निवडून येत नाहीत. एका मतानं काय होणार आहे? बोट वर सरकलं. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्या चिठ्ठीवर फुलकोबी नव्हती. मी पूर्ण सात सेकंद बघत उभी राहिले.

एका मतानं काय होणार! एकेचाळीस वर्षं मुद्रितशोधकाशी संसार करून मी असा विचार केला.

मतमोजणीला हे स्वतः वही घेऊन जाऊन बसले. सगळ्या मतदारसंघात मिळून दोनशे बारा मतं पडली. त्याचं यांना काही वाटलं नाही, उलट खूशच होते. पण मोजणी मशीनमागून मशीन होते आणि प्रत्येक मशीनचा आकडा कळतो. आमच्या केंद्रापुरती यांनी आधीच यादी केली होती. नऊ नावं. आम्ही दोघं, हुसेनभाई आणि अख्तर, छापखान्यातले पाच जण. खात्रीची नऊ. मशीनमधून निघाली आठ.

संध्याकाळी पाचच्या सुमारास हे घरी आले ते यादी हातात घेऊनच. हुसेनभाई आणि अख्तर आधीच येऊन बसले होते. यांना आवडते म्हणून अख्तरनं मुगाची खिचडी करून आणली होती. मी वाढायला पळी घेतली.

"पाचही जणांकडे जाऊन आलो," हे म्हणाले. "पाचही जणांनी दिलंय. मला ओळखता येतं. राहिलो आपण चौघं."

"अरे, सोड ना," हुसेनभाई म्हणाले. "दोनशे अनोळखी माणसांनी दिलं, त्याचं बघ."

"अनोळखी माणसांचं मला काही नाही. नऊ खात्रीची होती, त्यातलं एक गेलं कुठे?" यांनी लाल पेन्सिल काढली. "मी मला दिलं, एवढं मला आठवतंय. अख्तर?"

"दिलं भाईजान. फुलकोबीच दाबली."

यांनी टिंब मारावं तशी खूण केली आणि माझ्याकडे वळले. "हेमा," म्हणाले. संशय नव्हता हो त्यात. नुसती खूण करायची होती. माझी पळी हातातच राहिली. हुसेनभाई त्या वेळी यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"मी नाही दिलं," हुसेनभाई म्हणाले.

"काय?"

"नाही दिलं, गोपाळ. अख्तरला ते पंधराशे येतात. ते बंद झाले तर काय, असं ऐन वेळी मनात आलं. बोट दुसरीकडे गेलं."

अख्तरनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला एक रुपया येत नव्हता. ती पातेल्यावरचं झाकण नीट करत बसली.

यांनी हुसेनभाईंच्या नावावर रेघ मारली. सावकाश, पट्टी लावल्यासारखी. "एकतीस वर्षं तुझ्या जुळणीतल्या चुका काढल्या," हे म्हणाले. "ही मला दिसली नाही. पंधराशेला मत विकलंस."

हुसेनभाई उठले. चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "खिचडी खाऊन घे. गरम आहे."

अहो, मी दिलं नाही. चार शब्द होते फक्त. चार शब्द बोलायचे होते मला, आणि मी हातात पळी धरून उभी राहिले. मेली जीभ उचलली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला हुसेनभाई आले. यांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "पेपर आला नाही अजून." पेपर यांच्या हातात होता. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते आले नाहीत. हे एकटेच पेपर वाचायला लागले, पण चुका मोठ्यानं सांगणं बंद झालं. पुढे हुसेनभाईंनी दुकान विकलं आणि ते मुलाकडे, फैझलकडे, कोंढव्याला राहायला गेले. जाताना खालून एकदा वर पाहिलं. मी खिडकीत होते, मी मागे झाले.

दर महिन्याला मेसेज यायचा आणि मी ठरवायचे, आज सांगू. यांची गोळी झाल्यावर सांगू. सणावाराचं घरात रडारड नको, सण झाल्यावर सांगू. आणि दर महिन्याला मी ते पैसे काढत होते, बरं का. लाज वाटत होती आणि काढतही होते.

पुढच्या ऑक्टोबरात योजनेची नवी पडताळणी निघाली. त्यात नवऱ्याचंही आधार लागायचं आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर यायचा. हे अंघोळीला गेल्यावर मी यांचा फोन घेऊन खाली धावले. दुकान आता कादंबरी नावाची मुलगी चालवते. तिला आकडे सांगितले, धापा टाकत वर आले, फोन होता तिथे ठेवला. हे बाहेर आले तेव्हा मी भाजी चिरत होते.

फेब्रुवारीत एके सकाळी फैझलचा फोन आला. हुसेनभाई झोपेतच गेले. मी यांना सांगितलं. यांनी सदरा घातला, काठी घेतली. स्वारगेटहून कोंढव्याची बस पकडली. बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली, हेही गेले. मी अख्तरपाशी बसले. तिनं माझा हात हातात घेतला आणि मग मला राहवलं नाही. "अख्तर, ते मत..." एवढंच म्हटलं.

"माहीत आहे हेमाताई. त्याच दिवशी कळलं होतं मला." तिचा आवाज अगदी साधा होता. "घरी जाऊन मी भांडले यांच्याशी. म्हटलं, का खोटं बोललात? तर म्हणाले, गोपाळ माझ्यावर रुसला तर महिनाभर रुसेल, मग येईल. वहिनींवर रुसला तर त्यांनी जायचं कुठे?" तिनं माझा हात सोडला नाही. "महिना झाल्यावर रोज विचारायचे. गोपाळचा फोन आला होता का? काल दुपारीही विचारलं."

घरी आलो. यांनी अंघोळ केली, कोरडं धोतर नेसले आणि टेबलापाशी येऊन बसले. मी चहाचं आधण ठेवलं.

"पंधराशे येतात का अजून?" यांनी विचारलं.

माझ्या हातातलं साखरेचं भांडं मी खाली ठेवलं. "केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"ऑक्टोबरपासून. फोन जागेवर ठेवलास, मेसेज तसाच ठेवलास." मग म्हणाले, "आणि अख्तर माझ्यापेक्षा वर्षानं मोठी आहे. तिला कुठून मिळणार ते पैसे? ही चूक मला त्याच दिवशी दिसायला हवी होती. समोर होती. मी वाचलीच नाही."

"मग हुसेनभाईंकडे का नाही गेलात?"

"निघायचो. दोनदा स्वारगेटपर्यंत गेलो. त्याच्याकडे गेलो असतो तर तुला कळलं असतं की मला कळलं. मग या घरात आपण दोघं काय बोललो असतो? चार महिने होते माझ्याकडे, हेमा. तू का नाही गेलीस?"

मी अख्तरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. महिनाभर रुसेल, मग येईल. कालही विचारत होते. हे ऐकताना टेबलाच्या कडेला धरून बसले होते. मग तोंडावर पंचा घेतला आणि रडले. एवढ्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन उभी राहिले, पण पाठीवर हात ठेवायची हिंमत झाली नाही.

मत का दिलं नाहीस, हे यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. म्हटलं असतं, माझ्या नावानं आले होते हो ते.

बऱ्याच वेळानं यांनी खण उघडला आणि ती यादी काढली. घडीवर फाटली होती. लाल पेन्सिल घेतली. हुसेनभाईंच्या नावावरच्या रेघेखाली टिंबं द्यायला लागले. एक, दोन, तीन, चार, नावाच्या शेवटापर्यंत. टिंबं एका ओळीत आली. मग पेन्सिल यादीवर ठेवली, यादी माझ्याकडे सरकवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

यादीत दुसरं नाव माझं. त्याच्यापुढे खूण नाही आणि त्याच्यावर रेघही नाही. ती मी मारायची होती, एवढं कळण्याइतकी खुणांची भाषा मला येते. मी चष्मा लावला. पेन्सिल उचलली.

याला आता दोन महिने झाले. यादी टेबलावरच आहे. हे रोज सकाळी पेपर घ्यायला येतात तेव्हा तिच्याकडे एकदा बघतात, आणि मी चहा ठेवायला आत जाते. माझ्यानं अजून ती रेघ मारवलेली नाही.